बावखलाचे वाटेकरी

धर्मगुरूने पाण्याच्या टँकरला आडवे जावे का? वसईच्या पश्चिम पट्ट्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न नुसता वादासाठी वाद राहिला नव्हता. रेल्वेच्या आजूबाजूला इमारती उठत होत्या, त्यांची तहान भागवायला बागायतीतल्या विहिरी उपसल्या जात होत्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आघाडीवर उभे होते. ती चळवळ एका धर्माची नव्हती, तरी तिचा चेहरा एका धर्मगुरूचा होता, आणि म्हणूनच फादरांनी मिस्सा सांगावी, विहिरीत डोकावू नये, असा सूर तेव्हाही निघे आणि आजही निघतो. पुढे ‘सुवार्ता’ मासिकाचे हे संपादक २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४मध्ये गेले, आणि आपल्याकडे एरवी होते तेच झाले. माणसाचा गौरव झाला, त्याने मांडलेला प्रश्न तसाच राहिला. विहिरी, तळी, झाडे, जुन्या वास्तू यांची राखण हे ख्रिस्ती धर्मग्रामाचे धार्मिक काम आहे, की कोणत्याही शहाण्या नागरिकाने करावे असे काम धर्मग्राम आपला सवडीने करतो? दुसरे उत्तर सोयीचे आहे, त्याने कोणाचेच मन दुखत नाही. मला ते अपुरे वाटते. माझे म्हणणे असे की हे काम धर्मग्रामाच्या उपासनेत आधीपासूनच बांधलेले आहे, आणि ते टाळले तर उपासनाच खोटी पडते.

आधी जमिनीकडे पाहू. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र. तिन्ही बाजूंनी खारे पाणी असलेल्या या तुकड्यावर केळीच्या, पानवेलीच्या, भाजीच्या आणि फुलांच्या वाड्या उभ्या राहिल्या. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी निर्मळच्या जत्रेत विकायला येतात, ती याच मातीतली. पावसाचे पाणी इथल्या रेताड जमिनीत मुरते आणि खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. किनाऱ्यावरच्या भूजलाचा एक जुना ठोकताळा आहे: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. हा हिशेब उलटाही चालतो. उपशाने वरची पातळी अर्धा मीटर खाली गेली, की तळचे खारे पाणी हळूहळू २० मीटर वर चढू पाहते. वसईच्या शेतकऱ्याला हे गणित ठाऊक असायचे कारण नव्हते, पण त्याला बावखल ठाऊक होते. बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागातले, म्हटले तर तळे, म्हटले तर बिनबांधणीची मोठी विहीर. पावसाळ्यात चहूकडचे पाणी त्यात उतरते, तिथून मुरत मुरत आसपासच्या विहिरींना आधार देते, आणि उरलेले उन्हाळ्यात शिंपणाला येते. काठाला झाडे, पाण्यात मासे. वाडीतल्या पाण्यावर रहाट चालत होते तोवर उपशाला बैलाच्या दमाची मर्यादा होती. पंपाला दम लागत नाही.

बावखलाची मालकी तर त्याहून लक्षात घेण्याजोगी आहे. एकेका बावखलाला अनेक घरे वाटेकरी असत. पाणी सगळ्यांचे, मासे सगळ्यांचे, आणि गाळ काढायची वेळ आली की तोही सगळ्यांनी काढायचा. एकट्याने त्याचे काही बरे करता येत नसे, वाईटही फारसे करता येत नसे. जमिनीला चौरस फुटाचा भाव आला तेव्हा हीच रचना उलटली. वाडी विकायला निघालेल्याच्या लेखी बावखल म्हणजे अडकून पडलेले गुंठे, आणि बाकीचे वाटेकरीही विकायच्याच विचारात असतील, तर मातीचे ट्रक यायला वेळ लागत नाही. आपल्या हिश्शाचे पैसे घेऊन प्रत्येक जण मोकळा होतो, आणि ज्यांचा त्या बावखलात कागदोपत्री वाटा नव्हता पण ज्यांच्या विहिरी त्याच्या जिवावर होत्या, त्यांना काय झाले ते दोन-तीन उन्हाळ्यांनी कळते, पाणी मचूळ लागायला लागल्यावर.

आता धर्मग्राम म्हणजे काय ते पाहू. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेचे ५१८वे कलम सांगते की धर्मग्राम सर्वसाधारणपणे भूभागावर ठरावा, म्हणजे एका हद्दीत राहणारे सगळे श्रद्धावंत त्यात यावेत. हे कलम रुक्ष दिसते, पण त्यात बरेच काही भरलेले आहे. पटते म्हणून एकत्र आलेली ही मंडळी नव्हे. बांधावरून भांडलेला शेजारीही त्याच रांगेत उभा राहतो आणि त्याच भाकरीचा वाटेकरी होतो. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात या वाटणीबद्दल फार कठोर भाषा वापरली आहे. तिथली मंडळी प्रभुभोजनाला जमत, पण ज्याच्याजवळ होते तो आधीच खाऊनपिऊन घेई आणि गरीब उपाशी राही. पौल त्यांना तुमची उपासना छान आहे, फक्त थोडे सामाजिक भानही ठेवा, असे म्हणत नाही. तो म्हणतो की तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन उरतच नाही. माझा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे. रविवारी एका भाकरीत वाटा घ्यायचा आणि सोमवारी शेजाऱ्याची विहीर खारी होईल इतके पाणी टँकरला विकायचे, हे पौलाच्या हिशेबात दोन वेगळ्या खात्यांत जात नाही. करिंथमध्ये शेजाऱ्याचा घास ताटावरून जात होता, इथे तो जमिनीखालून जातो, एवढाच फरक.

जुना करार हीच गोष्ट जमिनीच्या बाबतीत उघड सांगतो. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात जमीन कायमची विकायला मनाई आहे, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावर उपऱ्यासारखी, कुळासारखी राहतात. अनुवाद या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात नगराला वेढा घातलेला असतानाही फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. युद्धातदेखील ज्याला हात लावायचा नाही, त्याला बांधकाम परवान्याने हात लावता येतो का, हा प्रश्न त्या आज्ञेपुढे आपोआप उभा राहतो. अर्थात, प्राचीन इस्राएलचा भूमिकायदा उचलून पालघर जिल्ह्याच्या सातबाऱ्यावर लावता येणार नाही, आणि तसे कोणी म्हणूही नये. कायदा तिथला आहे, पण मालक कोण याबद्दलची त्यामागची समज तिथल्यापुरती नाही.

इथे अभ्यासू वाचक लिन व्हाइटचे नाव काढील. या अमेरिकी इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखात आजच्या पर्यावरण संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात शोधले होते. माणसाला सृष्टीचा स्वामी ठरवणारा, झाडाझऱ्यांतली दैवते हाकलून देणारा धर्म आता झाडांची राखण कशी करणार, असा तो आरोप आहे. त्याच लेखात व्हाइटने असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावे असेही सुचवले होते, आणि १९७९मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते प्रत्यक्षात आणले. पण एवढ्याने आरोप पुसला जात नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या सत्तेच्या वचनाचा अर्थ शतकानुशतके हवा तसा लावला गेला, हे मान्यच करायला हवे. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करायला, याची आठवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात करून दिली, तोवर बराच उशीर झाला होता. तरीही वसईचा दाखला व्हाइटच्या सूत्रात नीट बसत नाही. सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती असलेल्या शेतकऱ्यांच्या वाड्यांतली बावखले पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि बुजली ती अलीकडच्या काही दशकांत. उत्पत्तीचा पहिला अध्याय त्या सगळ्या काळात वाचला जात होताच. बावखल बुजवणाऱ्यांत ख्रिस्तीही होते आणि हिंदूही, आणि दोघांनाही कारण एकच पुरले, ते म्हणजे भाव.

यावर कोणी म्हणेल की हा पुरावा तर उलट तुमच्यावरच येतो. धर्माने बुजवली नसतील, तर टिकवलीही नव्हती. टिकवली ती गरजेने, आणि पंप आल्यावर गरज संपली. आक्षेप खरा आहे आणि तो पूर्ण मानूनच पुढे जावे लागते. राखणे आणि पोट भरणे ही एकच गोष्ट असते, तोवर श्रद्धेची परीक्षा होत नाही. राखण्याची किंमत मोजावी लागते, त्या दिवसापासून ती सुरू होते. दिब्रिटोंच्या पिढीपुढे जे आले, ते त्यांच्या आजोबांपुढे आलेच नव्हते. म्हणून जुन्या लोकांना पर्यावरणवादी ठरवून त्यांची आरती ओवाळायचे कारण नाही, आणि चळवळ म्हणजे परंपरेत नसलेले काही बाहेरून आणून चिकटवले, असेही समजायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतून येतो. आत्म्याचे तारण हे चर्चचे काम. नदी-नाल्यांच्या मागे लागले की श्रद्धेची जागा निसर्गपूजा घेते. ही भीती अगदीच पोकळ नाही. एखाद्या धर्मग्रामाच्या वार्षिक कार्यक्रमात वृक्षारोपण, किल्ल्याची सहल आणि पक्षीनिरीक्षण एवढेच उरले, तर त्याला मंडळ म्हणावे, चर्च कशाला म्हणायचे? पण आत्मा आणि माती यांची अशी फारकत ख्रिस्ती उपासनेला स्वतःलाच जमलेली नाही. स्नानसंस्काराला पाणी लागते, अभ्यंगाला तेल, प्रभुभोजनाला गहू आणि द्राक्षे. संत थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकातच असे मांडले होते की देवाचा चांगुलपणा कोणत्याही एका निर्मितीत मावणारा नाही, म्हणून त्याने नाना तऱ्हेच्या वस्तू निर्माण केल्या. ते खरे मानले, तर एखादा मासा किंवा एखादे झाड नाहीसे होणे हे देवाबद्दलच्या आपल्या ज्ञानातलेच नुकसान ठरते. मुंबई-ठाण्याकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आगेऱ्याच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित करून घेतात. गोव्यात कोणसांच्या फेस्ताला तेच होते, आणि २४ जूनला सांजावाच्या दिवशी डोक्यावर फुलांची कोपेल घालून तरुण विहिरीत उड्या मारतात, संत जॉनच्या नावाने. ही लोकरीत आहे, ब्रह्मविद्या नाही, हे खरेच. मात्र शेते आणि विहिरी पूजाविधीच्या अंगणात कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता येऊन बसल्या आहेत. विहीर बुजली की सांजाव उरतो तो स्विमिंग पुलात.

वारशाचा प्रश्न याहून अवघड आहे. पाणी सगळ्यांचे म्हणता येते. वसईचा किल्ला कोणाचा? पोर्तुगिजांनी १५३६पासून तो बांधायला घेतला आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकला. आत फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन मठांचे भग्नावशेष आहेत, तसे नागेश्वराचे देऊळही आहे. इथेच सोळाव्या शतकात जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२मध्ये संत ठरले. त्यांच्या सणाला ख्रिस्ती लोक किल्ल्यात जमतात. ज्याच्या पूर्वजांची देवळे पोर्तुगीज काळात मोडली, त्याला या पडक्या कमानींकडे भक्तिभावाने पाहा म्हणणे अन्याय होईल, आणि त्या काळातली जुलूमजबरदस्ती झाकून चर्चने वारसा मिरवला, तर तो वारसा नसून जाहिरात होईल. तरी या इतिहासाने एक विचित्र गोष्ट मागे ठेवली आहे. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी चर्चच्या घंटा नेल्या, त्यांतल्या कित्येक वितळवल्या नाहीत, देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावरची घंटा १७०७ची आहे, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. लूट म्हणून आलेली वस्तू पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ दुसऱ्याच देवाच्या दारात सांभाळली गेली. ती परत मागावी असे मला मुळीच वाटत नाही. तिचे आजचे वाटेकरी दोन आहेत, आणि ज्या धर्मग्रामाला बावखलातली वाटणी समजते, त्याला ही वाटणी समजायला जड जाऊ नये.

सगळ्यांत टोकदार आक्षेप अजून बाकी आहे. हिरवळ ही जमीनवाल्यांची चैन आहे, असे नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारा माणूस म्हणू शकतो. मुंबईत परवडत नाही म्हणून तो इथे आला. त्याला घर हवे, नळ हवा. तुमची केळीची बाग वाचावी म्हणून त्याने तहानलेले राहायचे का? या आक्षेपाला मान खाली घालूनच उत्तर द्यावे लागते, कारण लेवीयाच्याच पुस्तकात परक्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. २००९मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गावे वगळण्याची मागणी पेटली. अशा लढ्यांत ‘आमचे गाव’ म्हणता म्हणता ‘बाहेरचे लोक’ ही शिवी कधी होते ते कळत नाही. ज्या धर्मग्रामाचा निसर्गप्रेमाचा सूर तसा लागतो, त्याने पौलाचा तोच अध्याय पुन्हा वाचावा.

पण टँकरने त्या चाळीतल्या माणसाला तरी काय दिले? त्याने विकतचे पाणी घेतले, तेही जास्त पैसे मोजून, आणि ज्या विहिरींतून ते आले त्यांना मर्यादा होती. स्थानिक पाणी पुरेना तेव्हा शहराची तहान सूर्या प्रकल्पाकडे वळली. पालघरच्या आदिवासी भागातल्या शेतीसाठी बांधलेल्या या धरणाचे पाणी वसई-विरारकडे आणि मिरा-भाईंदरकडे वळवण्याला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तो याच कारणाने. म्हणजे बावखल बुजल्याची किंमत बागायतदारापेक्षाही डोंगरातल्या आदिवासीला पडते, ज्याचा या सौद्यात कुठेच वाटा नव्हता. दुसरी किंमत पावसाळ्यात पडते. जुलै २०१८मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, रेल्वे बंद पडली, मिठागराच्या वस्तीतली माणसे अडकून पडली. एका पुराचे खापर एकाच कारणावर फोडू नये. तेवढ्या पावसाने कुठेही पाणी साचले असते. तरी पाणी थांबायच्या आणि मुरायच्या जागाच भरून टाकल्यावर ते तळमजल्यात शिरणार, आणि तळमजल्यावर कोण राहते हे सांगायला नको. बाग विरुद्ध घर असा हा सामना मांडला की बिल्डरचे फावते, कारण दोन्ही बाजूंची माणसे एकाच खाली जाणाऱ्या पाण्यावर जगतात हे त्यात दिसत नाही.

आता राहिला ढोंगाचा आरोप, आणि इथे युक्तिवाद करून सुटका नाही. वाड्या कोणी विकल्या? बावखले कोणी भरली? कोणी परका येऊन जबरदस्तीने भरून गेला असे प्रत्येक वेळी झालेले नाही. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या परदेशी जाण्यासाठी, भावाभावांच्या वाटणीत, कधी नुसत्या हव्यासाने, पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनीही सह्या केल्या. शेतीत राम उरला नाही, हे त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा खरेही असते, आणि नुसत्या प्रवचनाने केळीला भाव मिळत नाही. म्हणून धर्मग्रामाने वसुंधरा दिनाचे फलक लावण्याआधी आपली जुनी विद्या वापरावी, असे मी सुचवीन. ती विद्या नोंदीची. प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांची नोंदपुस्तके असतात. वंशावळ शोधणाऱ्यांना त्यांचे मोल ठाऊक आहे. त्यांच्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवता येईल. हद्दीतले प्रत्येक बावखल, त्याचे नाव, त्याचे वाटेकरी, त्यावर भरणाऱ्या विहिरी, भरले असेल तर कोणत्या साली. मे महिन्यात विहिरीचे पाणी किती खाली गेले आणि चवीला कसे लागले, हे लिहायला शाळकरी मुले पुरतात. हद्द भूभागाची असल्यामुळे या पुस्तकात हिंदू, मुसलमान आणि चाळकरी वाटेकऱ्यांच्या विहिरीही याव्यात; कलम ५१८ श्रद्धावंतांपुरते बोलते, पाण्याला ते बंधन नाही. अशा नोंदीने काही घरे दुखावतील, कारण ‘भरले’ या रकान्यासमोर येणारी नावे स्नानसंस्काराच्या पुस्तकातही असणार. म्हणूनच पहिली नोंद चर्चच्या स्वतःच्या आवाराची असावी: पेव्हर ब्लॉकखाली किती गेले, माती किती उघडी आहे, आणि छपरावरचे पाणी गटारात जाते की विहिरीत.